दिवाळी अंकांच्या संपादकांना खुलं पत्र: सोळा पानं साम्राज्याच्या हिशेबासाठी द्या

सर्व संपादकांस सप्रेम नमस्कार.

यंदाच्या अंकाची जुळवाजुळव आपल्याकडे सुरू झाली असेल. कथा कोणाकडून मागवायची, मुलाखत कोणाची घ्यायची, मुखपृष्ठ कोणाला सांगायचं, जाहिराती किती येतील, कागदाचा भाव कुठे जाऊन थांबेल, या सगळ्या धांदलीत मी एक मागणी घेऊन येतो आहे. यंदा आपल्या अंकातला एक फॉर्म, म्हणजे सोळा पानं, साम्राज्यशाहीच्या हिशेबाला द्या. एखादा देश किंवा एखादी कंपनी दुसऱ्याची जमीन, दुसऱ्याचे श्रम, दुसऱ्याची खनिजं आज नेमकी कशी ताब्यात ठेवते, हे कागदपत्रं पुढे ठेवून सांगणारा मजकूर त्यात असावा. आणि तो नेहमीच्या नावांकडून मागवू नका. शाळामास्तर, तालुका कोर्टातले वकील, बँकेतून निवृत्त झालेले, जहाजावर नोकरी करून आलेले, आखातात दहा वर्षं काढून परतलेले, अशा लिहित्या माणसांकडून मागवा.

ही मागणी कोणाहीपुढे ठेवली की पहिला प्रश्न येतो तो असा: 'अशा लिहिण्याने काय होणार? साम्राज्यं काय लेखांनी पडतात?' प्रश्न खरा आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं, म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

१८४१ साली मुंबईत 'बॉम्बे गॅझेट' या इंग्रजांच्या इंग्रजी पत्रात आठ पत्रं छापून आली. खाली सही होती 'एक हिंदू'. लिहिणारा होता भास्कर पांडुरंग तर्खडकर, व्याकरणकार दादोबा पांडुरंगांचा भाऊ, वय पंचविशीचं. हाताशी ना पक्ष, ना संस्था, ना स्वतःचं वर्तमानपत्र. ते दिवस असे की शिकलेली बरीच मंडळी कंपनी सरकारचे उपकार मोजत होती. या तरुणाने त्याच सरकारच्या माणसांना त्यांच्याच पत्रात, त्यांच्याच भाषेत सुनावलं की तुमच्या राज्यात या देशाची संपत्ती बाहेर चालली आहे आणि तुमच्या व्यापारी धोरणाने इथला कारागीर बुडतो आहे. दादाभाई नौरोजींनी लंडनमध्ये हाच हिशेब आकड्यांनिशी मांडायला सुरुवात केली ती १८६७ साली, म्हणजे सव्वीस वर्षांनंतर. भास्कर पांडुरंग १८४७ मध्येच गेले. त्यांच्या पत्रांनी कंपनीचं काही वाकडं झालं नाही हे मान्य. पण जे उघड बोलायचं नाही असं ठरून गेलं होतं, ते एकदा छापलं गेलं. मुंबईत ते बोलता येतं हे लोकांना कळलं. लोकमत उभं राहायला आधी एवढं तरी व्हावं लागतं.

मात्र मला तुम्हाला खरी आठवण करून द्यायची आहे ती लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणाऱ्या पुण्याच्या सार्वजनिक सभा या संस्थेच्या कामाची. आपण तिला टिळक-रानड्यांच्या चरित्रातलं एक प्रकरण करून टाकलं आहे. तिचं रोजचं काम काय होतं, हे फार थोड्यांना माहीत असतं.

सभा निघाली १८७० साली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, तिचे कर्ते. १८७६ मध्ये दख्खनेत दुष्काळ पडला. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून पत्रं मागवली: अमुक तालुक्यात पीक किती आलं, ज्वारीचा भाव काय, जनावरं काय भावाने विकली जातात, गाव सोडून किती कुटुंबं गेली, सरकारी कामावर मजुराच्या पदरात काय पडतं. ही पत्रं संगतवार लावून सभा सरकारपुढे ठेवत होती आणि छापतही होती. त्या वेळी व्हाइसरॉय लिटनने सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी मुलखात पाठवलं होतं. या टेंपल साहेबांनी दोन-तीन वर्षांपूर्वी बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणून माणसं जगवली होती आणि खर्च फार केला म्हणून बोलणी खाल्ली होती. दख्खनेत त्यांनी ती कसर भरून काढली. दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडणाऱ्या धडधाकट पुरुषाला दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर किरकोळ पैसे, असा दर त्यांनी लावला. रत्तल म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी त्या दराने काम करायला नकार दिला आणि सभेने त्यांची बाजू उचलून धरली. याच दिवसांत, १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यासाठी दिल्लीत दरबार भरला होता. सार्वजनिक काका सभेच्या वतीने तिथे गेले ते हातसुताचे कपडे घालून.

दरबाराचं वर्णन लिहिणारे पुष्कळ होते. रत्तलाचा हिशेब लिहिणारे थोडे होते, आणि ते थोडे होते म्हणूनच मला ते मोठे वाटतात. तालुक्यातून सभेला पत्र पाठवणाऱ्यांतल्या बहुतेकांची नावं आज कोणाला ठाऊक नाहीत. त्यांना कोणी लेखक म्हटलं नसेल. माझ्या मते मराठीतले ते पहिल्या फळीचे साम्राज्यविरोधी लेखक होते.

पुढच्याच वर्षी, १८७८ मध्ये, लिटनने देशी भाषांतल्या पत्रांना वेसण घालणारा कायदा आणला. इंग्रजीतल्या पत्रांना तो लागू नव्हता. सरकारला धास्ती कशाची होती हे यातून कळतं. इंग्रजीत कितीही कडक टीका झाली तरी ती मूठभरांत फिरत होती. तीच माहिती मराठीत उतरली की चावडीवर वाचली जात होती, आणि एका अंकामागे ऐकणारे अनेक असत.

वीस वर्षांनी पुन्हा दुष्काळ. मधल्या काळात १८८० च्या दुष्काळ कमिशननंतर सरकारने स्वतःच नियम केले होते: पीक अमुक आण्यांच्या खाली गेलं तर सारा तहकूब करावा, कामं काढावीत, दुबळ्यांना घरपोच मदत द्यावी. नियम इंग्रजीत होते आणि कचेरीच्या कपाटात होते. १८९६ च्या हिवाळ्यात सभेच्या माणसांनी आणि 'केसरी'ने एवढंच केलं की ते नियम सोप्या मराठीत आणून गावोगाव पोचवले. पत्रकं वाटली, ठाणे-कुलाब्याकडे सभा घेतल्या. शेतकऱ्याला सांगितलं की तुझ्या पिकाची आणेवारी इतकी खाली असेल तर सारा माफ किंवा तहकूब होणं हा सरकारच्याच कायद्याने तुझा हक्क आहे; बैल विकून, सावकाराकडे जमीन लिहून देऊन सारा भरू नकोस. कोणाला मारा म्हटलं नव्हतं, काही जाळा म्हटलं नव्हतं. तरी कार्यकर्त्यांवर खटले भरले गेले, आणि १८९७ च्या मार्चमध्ये सरकारने जाहीर केलं की सार्वजनिक सभेला यापुढे सार्वजनिक प्रश्नांवर सरकारकडे दाद मागणारी संस्था म्हणून मान्यता नाही.

त्याच वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, अठरा महिन्यांची शिक्षा झाली. १९०८ मध्ये सहा वर्षांची झाली आणि मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले. हा भाग प्रत्येक मराठी माणसाला पाठ आहे, आणि त्यापुढे मी नतमस्तक आहे. पण टिळकांसारखी लेखणी शंभर वर्षांत एखाद्याला मिळते. नियम शोधणं, तो समजून घेणं, आपल्या भाषेत मांडणं आणि ज्याचा तो हक्क आहे त्याच्या हातात देणं, हे तुमच्या-माझ्यासारख्याला जमणारं काम आहे. सरकारला त्याचीही तेवढीच भीती वाटली, ही गोष्ट मला तुमच्या नजरेस आणून द्यायची आहे.

आता आपल्या बाहेरचं एक उदाहरण देतो, कारण त्यात यश आणि त्याची मर्यादा दोन्ही दिसतात.

१८८५ पासून मध्य आफ्रिकेतला काँगो हा अवाढव्य प्रदेश बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याची खासगी मालमत्ता होता. जगाला सांगितलं जात होतं की राजेसाहेब तिथे गुलामीचा व्यापार मोडून काढत आहेत. जॉर्ज वॉशिंग्टन विल्यम्स हा कृष्णवर्णीय अमेरिकन इतिहासलेखक राजाला ब्रुसेल्समध्ये भेटला होता, भारावूनही गेला होता. मग तो स्वतः काँगोत गेला. १८ जुलै १८९० रोजी त्याने स्टॅन्ली फॉल्सहून राजाच्या नावे खुलं पत्र लिहिलं. त्यात नुसता संताप नाही, एकामागून एक आरोप मांडलेले आहेत. गावांच्या प्रमुखांकडून जमिनी कशा लिहून घेतल्या, याचा एक तपशील असा: गोऱ्या माणसाने कोटाच्या आत विजेच्या बॅटऱ्या लपवायच्या, तार तळहातापर्यंत आणायची आणि हस्तांदोलन करताना समोरच्याला झटका द्यायचा, म्हणजे त्याला वाटावं की या माणसांत अचाट बळ आहे. एका करारामागची एवढी बारीक गोष्ट वाचली की 'सुधारणा' या सबबीखाली काय चाललं होतं ते कळायला दुसऱ्या भाष्याची गरज उरत नाही. विल्यम्स पुढच्याच वर्षी वारला आणि राजाच्या बाजूच्यांनी पत्र दाबून टाकायला पाहिलं.

दहा-एक वर्षांत एडमंड मोरेल पुढे आला. हा लिव्हरपूलच्या एल्डर डेम्पस्टर या जहाज कंपनीत कारकून होता. कामानिमित्त त्याला बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात जावं लागे. काँगोहून आलेल्या बोटींतून रबर आणि हस्तिदंत उतरताना तो बघत होता. परत जाणाऱ्या त्याच बोटींत काय चढतं तेही बघत होता: बंदुका, काडतुसं, अंमलदार. व्यापारी माल जवळजवळ नाहीच. इथे त्याने कारकुनाचंच डोकं चालवलं. एवढं रबर येतं आणि बदल्यात काहीच जात नाही, तर रबर गोळा करणाऱ्याला मोबदला मिळतो कशातून? मिळतच नसणार. बंदुका जातात, म्हणजे काम बंदुकीच्या धाकाने करून घेतलं जात असणार. आफ्रिकेत पाऊल न टाकता, मालाच्या याद्या वाचून त्याने हे ताडलं. नोकरी सोडून १९०३ मध्ये त्याने स्वतःचं साप्ताहिक काढलं, पुढच्या वर्षी संघटना उभी केली. त्याच वर्षी ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंटचा काँगोतल्या अत्याचारांवरचा अहवाल आला. काँगोतल्या बारिंगाच्या मिशनमधल्या ॲलिस सीली हॅरिस या बाईंनी एक फोटो काढला: नसाला नावाचा बाप ओट्यावर बसून आपल्या लहान मुलीच्या तोडलेल्या हात-पायाकडे बघतो आहे. मॅजिक लँटर्नवर असे फोटो दाखवत गावोगाव व्याख्यानं झाली. १९०८ मध्ये लिओपोल्डला काँगो सोडावा लागला.

सोडला तो बेल्जियम सरकारच्या ताब्यात. काँगो स्वतंत्र झाला १९६० मध्ये. मोरेलच्या चळवळीने एका राजाची मालकी मोडली, वसाहत मोडली नाही. आणि याच मोरेलने १९२० मध्ये ऱ्हाइनकाठच्या फ्रेंच सैन्यातल्या आफ्रिकी शिपायांविरुद्ध अत्यंत वर्णद्वेषी लिखाण केलं. हे मी मुद्दाम सांगतो. पिळल्या जाणाऱ्यांच्या बाजूने लिहिणाऱ्याने त्यांना आपल्या बरोबरीचं मानलेलं असतंच असं नाही. संपादकाने मजकूर निवडताना हेही पाहिलं पाहिजे. काँगोवरच्या लेखात काँगोच्या माणसाचं स्वतःचं बोलणं आहे का, की तो फक्त दया येण्यासाठी उभा केलाय?

गोव्याचं उदाहरण आपल्या वाचकांना जवळचं आहे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या अमलात लग्नाची निमंत्रणपत्रिकासुद्धा सेन्सॉरकडून मंजूर करून घ्यावी लागे. त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांनी १९४४ मध्ये एक छोटी पुस्तिका लिहून दाखवलं की पोर्तुगीजांनी गोमंतकीयांचं मन स्वतःच्या मातीपासून कसं तोडलं. १९४६ मध्ये त्यांना पकडलं, लष्करी न्यायालयापुढे उभं केलं, आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधल्या पेनिश किल्ल्यात डांबलं. तिथून सुटल्यावर त्यांनी मुंबईत येऊन 'फ्री गोवा' हे पत्र चालवलं, आणि गोवा मुक्त होण्याआधी तीन वर्षं मुंबईतच देह ठेवला.

हे सगळं जुनं झालं असं म्हणून बाजूला ठेवता येत नाही. २०२२ च्या वसंतात रशियन फौजांनी युक्रेनच्या इझ्युम भागातली गावं घेतली. कापितोलिव्का या खेड्यात व्होलोदिमिर वाकुलेंको हा मुलांसाठी लिहिणारा लेखक राहत होता. ताब्यातल्या दिवसांची तो डायरी लिहीत होता. आपल्याला उचलून नेणार हे दिसल्यावर त्याने ती वह्यांची पानं वडिलांच्या बागेत चेरीच्या झाडाखाली पुरली. त्याला नेलं, मारलं. सप्टेंबरमध्ये तो भाग मोकळा झाल्यावर व्हिक्टोरिया अमेलिना ही कादंबरीकार तिथे गेली. युद्ध सुरू झाल्यावर तिने कादंबरी बाजूला ठेवून युद्धगुन्ह्यांची नोंद करायचं काम घेतलं होतं. तिने वडिलांच्या मदतीने ती डायरी उकरून काढली, खारकीवच्या साहित्य संग्रहालयाला दिली, छापून आणली. २७ जून २०२३ ला क्रामातोर्स्कमधल्या एका उपाहारगृहावर रशियाचं क्षेपणास्त्र पडलं, आणि त्यात जबर जखमी झालेली अमेलिना १ जुलैला गेली. साम्राज्य लंडनचं किंवा वॉशिंग्टनचं असेल तेव्हाच आपली लेखणी चालते आणि मॉस्कोचं असलं की ती अडखळते, असं आपल्याकडे बऱ्याच वेळा झालंय. उलटंही झालंय: युक्रेनसाठी हळहळणारे गाझाबद्दल बोलताना गप्प होतात, जिथे ऑक्टोबर २०२३ पासून शंभराहून कितीतरी अधिक पत्रकार मारले गेले. तुमच्या सोळा पानांत दोन्ही यायला हवं. वाचक नाराज होतील, एखादा जाहिरातदारही होईल. ते पत्करावं लागेल.

आज मराठीत मतांचा तुटवडा नाही. जगात कुठे बॉम्ब पडला की संध्याकाळपर्यंत घराघरात त्यावर मत तयार असतं. तुटवडा आहे तो कागद वाचून लिहिणाऱ्यांचा. व्हॉट्सॲपवर आलेला आकडा कुठला, कोणी मोजला, कधी मोजला, हे विचारायची सवय संपादकांनी लावली तर ती लेखकाला आपोआप लागेल. विशेषणं कापा, तारीख मागा. 'शोषण' असा शब्द आला की समासात लिहा: कोणाचं, किती, कोणत्या कराराने? लेखकाला राग येईल, पण लेख उभा राहील.

विषय आपल्या अंगणात येऊन पडले आहेत. जगातल्या कोबाल्टपैकी दोन तृतीयांशाहून अधिक आजही त्याच काँगोतून येतं आणि आपल्या खिशातल्या मोबाइलच्या बॅटरीत जातं. मालाच्या याद्या वाचणारा एखादा मराठी मोरेल त्यावर नक्की लिहू शकेल. मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी कुटुंबं आहेत. ब्रिटनने १९६५ मध्ये मॉरिशसपासून चागोस बेटं तोडली, तिथल्या रहिवाशांना हुसकावून त्यांतल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेला लष्करी तळ दिला, आणि २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लामतात हे तोडणं बेकायदा ठरवलं. ही हकीकत तिथल्या मराठी माणसाने त्याच्या मराठीत सांगितलेली मला वाचायची आहे. शुद्धलेखनाच्या चुका तुम्ही काढालच. आणि आपल्याच माणसांकडेही बघा: इथिओपियाच्या गांबेला भागात भारतीय कंपन्यांनी हजारो हेक्टर जमीन भाडेपट्ट्याने घेतली, तेव्हा तिथल्या गुराख्यांचं आणि शेतकऱ्यांचं काय झालं? आपल्या देशाच्या कंपनीचं नाव आलं म्हणून लेख परत पाठवू नका. इंग्रजाला जाब विचारणाऱ्या सभेचे वारस म्हणवून घ्यायचं तर एवढं करावं लागेल.

पैशाचं स्पष्टच लिहितो. असा लेख लिहायला महिना-दोन महिने जातात, माहिती अधिकाराचे अर्ज करावे लागतात, इंग्रजी अहवाल पानोपान वाचावे लागतात, कधी प्रवास करावा लागतो. त्याला कथेइतकं मानधन देऊन चालणार नाही, आणि 'आमच्या अंकात नाव येतंय' हे मानधन होऊ शकत नाही. एकट्याला परवडत नसेल तर दोन-तीन अंकांनी मिळून एक लेख करवून घ्या आणि सगळ्यांनी छापा. एखाद्या कंपनीची नोटीस आली तर लेखकाला एकटं सोडणार नाही, हेही त्याला आधीच लेखी कळवा. वकिलाचा खर्च अंकाने उचलायचा.

१९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. त्याच्या आदल्या वर्षी टिळक मंडालेला गेले होते. तेव्हापासून मराठी घरांत दिवाळीला फराळाच्या ताटाशेजारी अंक असतो, आणि शहाणीसुरती माणसं चार दिवस निवांत वाचतात. असा वाचक दुसऱ्या कोणत्या भाषेला मिळतो मला ठाऊक नाही. वृत्तपत्राचा लेख दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो; तुमचा अंक ग्रंथालयाच्या कपाटात वर्षभर फिरतो, जिल्हा वाचनालयांत पुढे अनेक वर्षं राहतो. काँगोची किंवा चागोसची गोष्ट शांतपणे, पूर्ण, पुराव्यानिशी सांगायला मराठीत याहून चांगली जागा नाही.

जे अंक ही सोळा पानं द्यायला तयार असतील त्यांनी आषाढी एकादशीच्या आत तसं जाहीर करावं, विषय कोणते घेणार, मानधन किती देणार आणि लेख कोणत्या तारखेपर्यंत हवेत तेही कळवावं. म्हणजे लिहिणाऱ्यांना कागद गोळा करायला वेळ मिळेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
दिवाळी अंकांचा एक वाचक